मेस्त्री, मिस्त्री आणि नकाशावरची सही : पेरीन मिस्त्री यांची गोष्ट

१/ वेळणेश्वरच्या आमच्या घराची पश्चिमेकडील भिंत गेल्या पावसाळ्यात फुगली. जांभ्याचे चार-पाच चिरे सुटले आणि पडवीचा एक वासा खाली आला. दिवाळीनंतर मेस्त्री आले. ओटीवर उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "घरात पुरुषमाणूस कोण आहे? मापांचे कोणाशी बोलायचे?"

२/ उत्तर आजीने दिले. झड कोणत्या बाजूने येते, भिंतीत पाणी कोठून मुरते, माजघराचे जोते ओटीपेक्षा किती उंच आहे, हे तिला तोंडपाठ होते. पडवी तीन हात वाढवण्याचा निर्णयही चाळीस वर्षांपूर्वी तिनेच घेतला होता. घरपट्टीच्या पावतीवर मात्र आजोबांचे नाव आहे.

३/ त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. वास्तू घडवते कोण, आणि कागदावर नाव कोणाचे राहते? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. त्याची नायिका आहेत पेरीन जमशेटजी मिस्त्री (१९१३–१९८९). भारतात वास्तुकलेचे रीतसर शिक्षण पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

४/ प्रारंभ एका शब्दापासून करू. कोकणातला 'मेस्त्री' आणि मुंबईतला 'मिस्त्री' हे एकाच मुळाचे. पोर्तुगीज 'मेस्त्रे' या शब्दापासून ते आपल्याकडे रुळले. इटालियन 'माएस्त्रो' हाही त्यांचा भाऊबंद. सर्वांचे मूळ लॅटिन 'मागिस्तेर', म्हणजे गुरू, प्रमुख, कसबाचा धनी.

५/ या शब्दाचे स्त्रीलिंग काय? मराठीत 'सुतारीण' म्हणजे सुताराची बायको. 'मास्तरीण' म्हणजेही आरंभी मास्तरांची बायकोच. पुढे स्त्रिया शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ बदलला. बांधकामाच्या क्षेत्रात हा बदल फार उशिरा आला, कारण तेथे हुकूम देणारी स्त्रीच उशिरा आली.

६/ हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. थोडा वेळ सतराव्या शतकातील रोममध्ये जाऊ. तेथे प्लाउतिल्ला ब्रिच्ची (१६१६–१७०५) नावाची एक चित्रकार राहत असे. तिचे वडील जोव्हान्नी हेही चित्रकार. हात घरीच तयार झाला. एल्पिदिओ बेनेदेत्ती नावाच्या एका धर्मपदस्थाने आपल्या भव्य निवासाचे काम तिच्यावर सोपवले.

७/ १६६३ साली त्या कामाचा करार झाला. लिहिणाऱ्यासमोर पेच उभा राहिला असेल, कारण इटालियन भाषेत वास्तुकाराला 'आर्कितेत्तो' म्हणत आणि तो शब्द पुल्लिंगी. अखेर कागदावर तिच्यासाठी शब्द उमटला : 'आर्कितेत्त्रीचे', अर्थात स्त्री-वास्तुकार. व्यक्ती आधी आली आणि शब्द तिच्यामागून चालत आला.

८/ खडकाळ उंचवट्यावर जहाजासारखा भासणारा तो निवास 'इल व्हाशेल्लो', म्हणजे जहाज, या नावाने प्रसिद्ध झाला. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमधील संत लुई यांचे उपासनादालनही प्लाउतिल्लाचेच. तेथील वेदीवरचे चित्रही तिनेच रंगवले. एकाच जागेची वास्तू आणि चित्र दोन्ही एका स्त्रीच्या हातचे!

९/ पुढे जे घडले ते विसरू नये असे आहे. १६७७ साली त्याच बेनेदेत्तीने टोपणनावाने त्या निवासाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुख्य श्रेय तिच्या भावाला, बाझिलिओला दिले. प्लाउतिल्ला मदतनीस ठरली. तिला काम देणाऱ्या माणसानेच तिचे नाव मागे सारले.

१०/ १८४९ साली रोमच्या प्रजासत्ताकावर फ्रेंच सैन्याने हल्ला केला. मॅझिनी त्या प्रजासत्ताकाच्या त्रिमूर्तीपैकी एक होता आणि गारिबाल्डीचे सैनिक शहर लढवत होते. त्या लढाईत हा निवास उद्ध्वस्त झाला. इमारत गेली, छापील वर्णन चुकीचे. तिची बाजू सांगायला उरला तो करारनामा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सहीचा कागद का जपावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

११/ आता आपल्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या (१८८६). कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकल्या. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार अधिकृतपणे उघडले. मग वास्तुकलेत पहिले नाव १९३६ पर्यंत का येत नाही?

१२/ कारण शोधताना एक गोष्ट लक्षात येते. स्त्री-डॉक्टर हवी, हा युक्तिवाद सनातन्यांनाही पटवता येत असे, कारण परपुरुषाकडून तपासून घेणे अनेक स्त्रियांना अशक्य होते. शिक्षिकेचेही तसेच. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी स्त्री-वकील हवी, हा सोराबजींचा आग्रहही त्याच वळणाचा होता.

१३/ स्त्री-वास्तुकाराच्या बाजूने असा कोणताही सोयीचा युक्तिवाद नव्हता. उलट हे काम जमीन, पैसा, कंत्राटदार आणि मजूर या चौकडीतले. परातीवर चढायचे, गवंड्याने रचलेली भिंत ओळंब्यात नसेल तर पाडायला सांगायची. स्त्री बांधकामावर होतीच. डोक्यावर विटा आणि चुन्याची घमेली वाहत होती. आज्ञा देण्याच्या जागी मात्र ती नव्हती.

१४/ इंग्लंडातील स्थितीही फार पुढची नव्हती. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेने पहिली स्त्री-सदस्य, एथेल चार्ल्स, १८९८ साली घेतली. १९२८ साली स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर नाट्यगृहाची खुली स्पर्धा एलिझाबेथ स्कॉट या तरुणीने जिंकली आणि इंग्लंड चकित झाले. तेव्हा पेरीन पंधरा वर्षांच्या होत्या.

१५/ पेरीन यांचा जन्म १९१३ चा. घराणे पारशी, बांधकामाच्या व्यवसायातले. आडनावच 'मिस्त्री'. वडील जमशेटजी हे वास्तुकार. 'डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार' या मुंबईतील नामांकित पेढीचे भागीदार. भाऊ मिनू हेही पुढे वास्तुकारच झाले. घरात जेवणाच्या मेजावर बांधकामाच्या गोष्टी निघत असतील, असे मानायला हरकत नाही.

१६/ शिक्षणाचा प्रवास त्या काळच्या सुखवस्तू पारशी कुटुंबाला साजेसा : आधी गुजराती शाळा, मग पाचगणी, त्यानंतर इंग्लंडातील क्रॉयडन. परत आल्यावर त्यांनी प्रवेश घेतला तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, वास्तुकलेच्या वर्गात. १९३६ साली त्यांनी पदविका मिळवली.

१७/ जे. जे. ही संस्था १८५७ ची. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून ती उभी राहिली. वास्तुकलेचे शिक्षण तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. पेरीन शिकत होत्या तेव्हा विभागाची धुरा क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. विद्यार्थ्यांनी भारतीय वास्तू प्रत्यक्ष जाऊन मोजाव्यात आणि मापांनिशी रेखाटाव्यात, यावर या इंग्रज गुरूचा भर असे.

१८/ ही मापे घेण्याची शिस्त महत्त्वाची आहे. टेपचे एक टोक कोणीतरी धरायचे, दुसरे आपण. उंबऱ्याची जाडी, खांबाचा घेर, पायरीची उंची वहीत टिपायची. इमारतीचे वर्णन करणे वेगळे आणि ती मोजणे वेगळे. मोजणाऱ्याला ती कशी उभी आहे, हे समजते.

१९/ पेरीन यांनी पदविका घेतली तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. बॅकबेचा समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्हची रांग उभी राहत होती. रीगल चित्रपटगृह १९३३ चे, इरॉस १९३८ चे. वळणदार सज्जे, आडव्या पट्ट्या, उगवत्या सूर्याची नक्षी, म्हणजे आज ज्याला आपण आर्ट डेको म्हणतो ती शैली. २०१८ साली युनेस्कोने या इमारतींना जागतिक वारसा मानले.

२०/ या शैलीमागे एक पदार्थ होता : सिमेंट. १९३६ सालीच अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन 'एसीसी' स्थापन झाली. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे जाड भिंतींची गरज संपली आणि भार खांब-तुळयांवर गेला. आमच्या घराची चिऱ्याची भिंत हातभर रुंद, कारण छप्पर तिच्यावर आहे. मरीन ड्राइव्हच्या घरांत तीच भिंत वीतभर झाली आणि कोपऱ्यात खिडकी उघडता आली.

२१/ या मुंबईला कोकणही परके नव्हते. दाभोळ, जयगड या बंदरांतून आगबोटींनी माणसे मुंबईला जात. गिरण्यांच्या खात्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कामगारांची संख्या मोठी होती. त्यांनी धाडलेल्या मनीऑर्डरींवर गावाकडची घरे शाकारली जात. एका शहराचे काँक्रीट आणि आमच्या गावांची कौले यांच्यामध्ये असा पैशाचा धागा होता.

२२/ १९३७ साली पेरीन वडिलांच्या पेढीत रुजू झाल्या. त्याच वर्षी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. नव्या धर्तीची स्वयंपाकघरे, स्नानगृहे, विजेची उपकरणे. आधुनिक घराची प्रेक्षक आणि ग्राहक म्हणून स्त्रीला आमंत्रण होते. पेरीन त्याच वर्षी मेजाच्या पलीकडच्या बाजूला, टी-स्क्वेअर हाती घेऊन बसल्या.

२३/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेढी वडिलांची होती, म्हणून सारे सोपे गेले, असे वाटू शकते. दार उघडायला वडिलांचा उपयोग झाला, हे खरे. परंतु त्या काळात व्यावसायिक घराण्यांतील कितीतरी मुलींचे वडील असेच समर्थ होते, तरी त्यांनी मुलींसाठी ते दार उघडले नाही. प्लाउतिल्लाच्या घरी चित्रकार वडील होते, पेरीन यांच्या घरी वास्तुकार वडील. बंद क्षेत्रात शिरण्याची वाट बहुधा घरातूनच जात असे.

२४/ त्यांच्या कामाकडे पाहू. आरंभीच्या कामांत गणला जातो तो सर बेहरामजी करंजिया यांचा कारमायकल रोडवरील बंगला. पुढे बोरिवली येथील खटाव मिल. आणि कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च. घर, कारखाना आणि प्रार्थनास्थळ, या तिन्ही प्रकारांत त्यांनी काम केले.

२५/ ही यादी लहान दिसली तरी बोलकी आहे. स्त्री-वास्तुकार म्हटली की तिच्याकडे घराची अंतर्रचना, पडद्यांचे रंग, फार तर स्वयंपाकघर सोपवावे, अशी जगभरची रीत होती. गिरणीचे काम निराळे असते. यंत्रांचा भार आणि कंप, सलग मोकळी जमीन, सुताला लागणारा दमटपणा, कामगाराला लागणारा उजेड, आगीचा धोका. त्यात नाजूकपणाला वाव नाही, गणिताला आहे.

२६/ चर्चचे काम त्याच्या उलट टोकाचे. तेथे यंत्रे नाहीत, पण आवाज आहे : प्रवचनाचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा आणि प्रार्थनेनंतरची शांतताही टिकायला हवी. उजेड पुरेसा हवा, पण दुपारचा भगभगीत नको. जरथुस्त्री कुटुंबातील स्त्रीने ख्रिस्ती उपासनागृह रेखाटावे, ही मुंबईचीच गोष्ट.

२७/ १९३७ पासून जवळजवळ अर्धशतक त्या याच पेढीत काम करत राहिल्या आणि तिच्या भागीदार झाल्या. मधल्या काळात महायुद्ध झाले, सिमेंट-लोखंडावर नियंत्रणे आली, देश स्वतंत्र झाला, मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट मिळाली. पेरीन यांनी हे सारे ड्रॉइंग बोर्डच्या मागून पाहिले.

२८/ 'पहिली' होणे ही घटना एका दिवसाची. पन्नास वर्षे टिकणे ही रोजची गोष्ट. आपण पाठ्यपुस्तकांत पहिलीचे नाव लिहितो आणि पुढची पन्नास वर्षे एका ओळीत गुंडाळतो. माझ्या मते पेरीन यांचा खरा पराक्रम त्या दुसऱ्या भागात आहे.

२९/ त्यांच्या पेढीचे आणखी एक ऋण आहे. श्रीलंकेतील कॅंडीची मिनेट डि सिल्व्हा (जन्म १९१८) वास्तुकार व्हायचे म्हणून मुंबईला आली. ती उमेदवारीसाठी दाखल झाली ती मिस्त्री-भेडवार यांच्याच कचेरीत. तेथे पेरीन आणि मिनू यांच्याशी तिची मैत्री झाली आणि त्यांच्यामुळे मुंबईच्या कला-वर्तुळाची दारे तिला उघडली.

३०/ सायंकाळी मिनेट एका खासगी वास्तुवर्गात शिकत असे. तेथे शिकवणाऱ्यांत होते गजानन बाबुराव म्हात्रे, मरीन ड्राइव्हवरील 'सूना महल'चे कर्ते. पुढे ती जे. जे. मध्ये दाखल झाली. ते चले जाव चळवळीचे दिवस होते. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात ती गेली. संस्थेने लेखी माफी मागितली. तिने दिली नाही. तिला काढून टाकण्यात आले.

३१/ गोष्ट तेथे संपली नाही. १९४६ साली मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने मुंबईत 'मार्ग' हे कलाविषयक नियतकालिक निघाले. मिनेट आणि तिची बहीण अनिल त्याच्या उभारणीत होत्या. १९४८ मध्ये मिनेट ब्रिटिश वास्तुकार-संस्थेची सदस्य झाली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. कॅंडीत परतून तिने आधुनिक रचना आणि स्थानिक कारागिरी यांचा मेळ घातला.

३२/ म्हणजे पाहा : एका दारातून एक स्त्री आत आली आणि तिने ते मागे लोटून घेतले नाही. 'पहिली' या शब्दाचा अर्थ तिच्यामागून दुसरी आली यानेच सिद्ध होतो. एरवी तो केवळ अपवाद ठरतो.

३३/ तिसरे नाव प्रवीणा मेहता यांचे. त्याही जे. जे. च्या विद्यार्थिनी. पुढे शिकागोला शिकून मुंबईत परतल्या. अलिबागजवळच्या किहीम येथील त्यांनी रचलेले घर अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. आणि १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल व प्रवीणा मेहता या तिघांनी 'मार्ग'मधून एक धाडसी कल्पना मांडली : बेटावरची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे.

३४/ त्यातून आजची नवी मुंबई आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कल्पनेला जमीन मिळाली. नवी मुंबईचा शिल्पकार कोण, असे आज विचारले तर बहुतेक जण कोरिया यांचे नाव घेतात. ते योग्यच आहे, परंतु अपुरे आहे. तीन नावांपैकी कोणते आधी विसरले जाते, ते स्वतःच पाहा.

३५/ आता पुन्हा इटलीकडे, एका तुलनेसाठी. पेरीन यांच्यानंतर एका वर्षाने, १९१४ साली, रोममध्ये लीना बो यांचा जन्म झाला. १९३९ साली त्या वास्तुकलेच्या पदवीधर झाल्या. मिलानमध्ये जो पोंती यांच्याबरोबर काम केले. महायुद्धात त्यांची कचेरी बाँबवर्षावात नष्ट झाली. १९४६ मध्ये त्या पती पिएत्रो मारिया बार्दी यांच्यासह ब्राझीलला गेल्या आणि लीना बो बार्दी या नावाने ओळखल्या गेल्या.

३६/ साओ पाउलोतील त्यांचे काचेचे घर १९५१ चे. कोनात हवी तशी फिरवता येणारी त्यांची वाडग्याच्या आकाराची खुर्चीही त्याच सुमाराची. त्याच शहरातील कलासंग्रहालय (१९६८) त्यांनी सत्तर मीटरहून अधिक लांब मोकळ्या जागेवर अधांतरी तोलून धरले, खालची जागा लोकांना मोकळी राहावी म्हणून. एका जुन्या कारखान्याला न पाडता त्याचे त्यांनी लोकांसाठी संस्कृतिकेंद्र केले.

३७/ लीना १९९२ मध्ये वारल्या. २०२१ साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनाने त्यांना मरणोत्तर सुवर्णसिंह दिला. आज जगभरचे विद्यार्थी त्यांची रेखाटने अभ्यासतात. पेरीन आणि लीना एकाच पिढीच्या. एकीचे नाव जगाला पाठ, दुसरीचे तिच्या शहरालाही नाही. गुणवत्तेची तुलना मी करत नाही. प्रश्न वेगळा आहे.

३८/ लीना लिहीत असत, नियतकालिके चालवत, आणि त्यांच्या इमारती त्यांच्या स्वतःच्या नावावर होत्या. पेरीन पेढीत काम करत. पेढीच्या नकाशावर खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते : कामाचे नाव, प्रमाण, तारीख आणि पेढीचे नाव. त्या चौकटीत 'मिस्त्री' लिहिले असेल, तर वाचणारा कोणता मिस्त्री समजेल? वडील? भाऊ? मुलगी? आडनावाला लिंग नसते आणि वाचणारा आपल्या सवयीने ते भरतो.

३९/ यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. पेढीची पद्धतच तशी. शिवाय वास्तू हे सामूहिक काम आहे. अभियंता, रेखाटनकार, गवंडी, सुतार सारे त्यात असतात. पण सामूहिक कामाचे श्रेय वाटताना ते वरच्या पुरुषाकडे सरकते, हा उतार जुना आहे. १६७७ च्या रोममध्ये पाणी त्याच उतारावरून वाहिले.

४०/ म्हणून पेरीन यांच्यासारखीचा इतिहास लिहिताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : संस्थेच्या पदविकांची नोंद, पेढीच्या कामांच्या याद्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी. अलीकडच्या काळात माधवी देसाई आणि मेरी वुड्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतातील स्त्री-वास्तुकारांवर ग्रंथ लिहिले, म्हणूनच आज हा धागा लिहिता येतो. मिनेटने तर स्वतःचे चरित्र स्वतःच सिद्ध केले. आपले कागद दुसरा जपेल, यावर तिने विसंबून राहणे नाकारले.

४१/ मित्रांनो, या धाग्याच्या वाचकांपैकी अनेक जण इतिहासाचे विद्यार्थी आहेत. किल्ले, ताम्रपट, मोडी दफ्तरे यांच्याइतकेच आपल्या घराच्या पेटीतले निळे नकाशे, गवंड्याच्या हिशेबाच्या वह्या आणि ग्रामपंचायतीच्या पावत्या हीही साधने आहेत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारा : न्हाणीघर येथेच का? चूल पूर्वेला कोणी ठेवली? उत्तरे वहीत लिहा, आणि नावासह लिहा.

४२/ आमची भिंत आता उभी राहिली आहे. चिरे जुनेच, दर्जा भरल्या आहेत. मेस्त्री काम संपवून निघाले तेव्हा त्यांनी पुढच्या पावसाआधी पन्हळ कोठे लावावी, हे विचारले. या खेपेस थेट आजीला.

४३/ मी आजीबरोबर टेप धरून घर मोजले. ओटी, पडवी, माजघर, देवघर, न्हाणीघर. सारी मापे घेऊन साधा नकाशा काढला. खालच्या कोपऱ्यात चौकट आखली आणि रचनाकाराच्या जागी तिचे पूर्ण नाव लिहिले. ती हसली, म्हणाली, "माझे कशाला?" मग चष्मा मागून घेतला आणि नावापुढे स्वतः सही केली.

४४/ पेरीन मिस्त्री यांचे एखादे काम आपल्या रोजच्या वाटेवर असेल, तर तेथे क्षणभर थांबा आणि बरोबरच्या माणसाला हे नाव सांगा. धाग्यात काही चूक आढळल्यास जरूर दाखवून द्या, दुरुस्त करीन. (समाप्त)